शांततेकडे, स्वारगेटमार्गे

वाईच्या माणसाची पुण्यास जाण्याची कारणे पूर्वापार ठरलेली आहेत: लग्नाचा बस्ता, आयुक्त कचेरीतील महसुली अपील, मुलाचे कॉलेज आणि चष्म्याचा नंबर. या यादीत कानाचा समावेश अलीकडचा असून, आमच्या बाबतीत तो सौभाग्यवतींच्या तक्रारींचे दप्तर फुगल्यामुळे झाला. त्यांची फिर्याद अशी की, आम्हांस ऐकू येते, पण आम्ही ऐकत नाही. आमची कैफियत अशी की, त्या बोलत आहेत एवढे ऐकू येते, पण काय बोलत आहेत ते उमजत नाही. मराठी विश्वकोशाचे कार्यालय ज्या गावी आहे तेथे कोणत्याही व्याधीवरील माहितीचा तुटवडा पडत नाही. तेव्हा लसूण घालून कोमट केलेल्या तेलापासून नवसापर्यंतचे सर्व उपदेश अर्धेमुर्धे कानी पडल्यावर हा वाद पुण्याच्या एका श्रवणतज्ज्ञ बाईंपुढे नेण्याचे उभयपक्षी ठरले.

निघण्यापूर्वी फोनवर एक सूचना मिळाली होती: तपासणीच्या आदल्या दिवसापासून मोठ्या आवाजापासून दूर राहावे, कारण गोंगाटाने थकलेला कान काही काळ कमी ऐकतो आणि निकाल खोटा लागतो. ही सूचना शिरसावंद्य मानून आम्ही सकाळची एस. टी. पकडली. जिची प्रत्येक काच स्वतंत्र बाण्याची आणि प्रत्येक पत्रा बोलका आहे अशा त्या वाहनाने सुरूर फाटा ओलांडून खंबाटकीच्या बोगद्यात प्रवेश केला, तेव्हा चालकाने भोंग्यावर ठेवलेला हात पलीकडच्या उजेडातच काढला. आणि शिरवळला चढलेल्या एका तरुणाने आपल्या मोबाइलमधील लावणी, कोणाही उतारूवर अन्याय न करता, साऱ्या गाडीत समप्रमाणात वाटून दिली. स्वारगेटला उतरलो तेव्हा रिक्षावाल्याचे भाडेसुद्धा आम्हांस माफक ऐकू आले.

श्रवणतज्ज्ञ बाईंनी प्रथम दिव्याच्या नळकांड्याने कानाच्या पडद्याची पाहणी केली, कारण पुष्कळदा साऱ्या बहिरेपणाचे मूळ साठलेल्या मळातच असते. आमच्या कानात मळ नव्हता, पण लसणाच्या तेलाचा मागमूस होता, त्याबद्दल ताकीद मिळाली. मग त्यांनी विचारले, "काका, काल-आज कुठे मोठ्या आवाजात होतात का?" "नाही," आम्ही म्हणालो, "वाईहून एस. टी.ने आलो." बाईंनी लेखणी खाली ठेवली आणि आम्हांस दुपारपर्यंत स्वस्थ बसण्याचा हुकूम झाला.

दुपारी आमची रवानगी ध्वनिरोधक खोलीत झाली. जाड दार मिटले आणि लग्नाच्या मांडवात, कचेरीत व बाजारात ज्याचे आयुष्य गेले त्या माणसास आपण आवंढा गिळतो तेव्हा आवाज होतो, हे प्रथमच कळले. कानांवर हेडफोन, हाती एक बटण, आणि काचेपलीकडून आज्ञा: "आवाज कितीही बारीक असू दे, आहे की नाही अशी शंका आली तरी बटण दाबायचं." मामलेदार कचेरीत उमेदीचा काळ घालवलेल्या आमच्यासारख्यास हा शिरस्ता सर्वस्वी उलटा होता, शंका आली की अर्ज परत करावा, या नियमावर आम्ही सेवानिवृत्तीपर्यंत पोहोचलो, आणि येथे केवळ संशयावर मंजुरीचा शिक्का मारावयाचा! पण या परीक्षेचे मर्म त्यातच आहे. सुरुवात १००० हर्ट्झच्या स्वराने होते. तो ऐकू आला की पुढचा १० डेसिबलने हलका करतात, आला नाही की ५ डेसिबलने चढवतात, आणि निम्म्या वेळा ऐकू येईल त्या पायरीवर त्या स्वरापुरती सरहद्द आखतात. म्हणजे प्रामाणिक उत्तराचे पारितोषिक अधिक अवघड प्रश्न! धडधाकट कानाचा तरुणही आपण निम्म्याहून अधिक चुकलो अशा समजुतीने बाहेर येतो, कारण प्रत्येकास त्याच्या-त्याच्या सरहद्दीपर्यंत चालवत नेणे हाच या यंत्राचा हेतू असतो. काही वेळाने आम्ही अंदाजाने ठेका धरून बटण दाबू लागलो. पण बाई दोन स्वरांतील अंतर मुद्दाम अनियमित ठेवतात, त्यामुळे ही लबाडी तत्क्षणी उघडकीस आली.

पुढे कानामागच्या हाडावर एक कंपक बसवून, बाहेरचा व मधला कान वगळून थेट आतल्या कानाची जबानी घेण्यात आली. कवटीतून ध्वनी दोन्हीकडे पोहोचतो. म्हणून एकाच्या पेशीत दुसऱ्याने साक्ष देऊ नये यासाठी त्या दुसऱ्या कानात सतत सळसळाट सोडून ठेवतात. शेवटी कानी पडलेले शब्द उच्चारून दाखवायचे होते. "ताट" यास आम्ही "पाट" म्हणालो. भोजनाच्या दृष्टीने आमची दिशा बरोबर होती, परंतु गुण मिळाला नाही.

निकालाच्या कागदावर उजव्या कानाची तांबडी वर्तुळे आणि डाव्याच्या निळ्या फुल्या होत्या. या आलेखात शून्य वर असते, आणि ते शून्यही निःशब्दता नसून निरोगी तरुण कानांस जेमतेम ऐकू येणारा सरासरी ध्वनी असतो. रेषा जितकी खाली, तितकी श्रवणशक्ती कमी. आमची रेषा १००० हर्ट्झपर्यंत सपाटीने चालून पुढे पाचगणीहून पसरणीचा घाट उतरावा तशी खाली गेली होती. बाईंनी उलगडा केला: आतल्या कानाच्या शंखात उंच स्वर टिपणाऱ्या सूक्ष्म केशपेशी प्रवेशद्वाराशीच असतात, वयपरत्वे त्या आधी झिजतात आणि पुन्हा उगवत नाहीत. शब्दाचा भरदारपणा अ, आ यांसारख्या स्वरांत असतो, तो पोहोचतो. पण स, श, फ, थ ही नाजूक मंडळी उंचावर राहतात, ती वाटेतच गळतात. तेव्हा बोलणे ऐकू येते आणि कळत नाही, ही आमची कैफियत सप्रमाण शाबीत झाली. आणि आम्हांस ऐकू येते, ही सौभाग्यवतींची फिर्यादही त्याच कागदाने ग्राह्य धरली.

श्रवणयंत्र काही दिवस लावून पाहावे, असे सांगून बाई सौभाग्यवतींकडे वळल्या: "काकू, आता स्वयंपाकघरातून ओरडायचं नाही. ओरडून ते अक्षर स्पष्ट होत नाही. समोर यायचं, तोंड दिसू द्यायचं आणि सावकाश बोलायचं."

"समोर गेलं की हे वर्तमानपत्र उघडतात," सौभाग्यवती म्हणाल्या. "त्याच्यावर काही मशीन आहे का?"

हा प्रश्न बहुधा ४००० हर्ट्झच्या पलीकडचा असावा, कारण तो आम्ही ऐकल्याची नोंद कोणत्याही दप्तरी नाही.