अपडाऊन करणाऱ्या इंग्रजीच्या मास्तरांसाठी

सुरत जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातल्या हायस्कूलवर इंग्रजी शिकवण्याची ऑर्डर हाती पडली, की मास्तरांनी सर्वांत आधी रेल्वेचे वेळापत्रक पाहावे. अभ्यासक्रम नंतर पाहिला तरी चालतो. तो कुठे जात नाही, गाडी जाते. उधन्याहून बारडोली, व्यारा करत नंदुरबारकडे जाणारी जुनी ताप्ती व्हॅली लाइन ज्यांच्या वाट्याला आली ते भाग्यवान. मांडवी किंवा उमरपाडा नशिबी आले, तर चौघांनी मिळून एक गाडी ठरवावी. राहायचे मात्र सुरतेतच. लिंबायत, दिंडोली, उधना या भागांत धुळे-जळगावकडून आलेल्यांच्या पिढ्या नांदत आहेत. मास्तर खानदेशचे असतील तर त्यांना परगावी आल्यासारखे वाटणारही नाही. शाळेच्या गावी आल्यासारखे तर मुळीच वाटू नये, हेच अपडाऊनचे मर्म.

नोकरीच्या जागी मुक्काम केला की काय होते, याचे उदाहरण जुने आहे. मराठीचे व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग 1840 च्या दशकात मुंबईहून सुरतच्या इंग्रजी शाळेवर आले. सुरत काही खेडे नव्हे, पण दुखणे तेच. मुकाट्याने तास घ्यावा आणि घरी जावे, ते सोडून त्यांनी तिथल्या दुर्गाराम मेहताजींशी मैत्र जोडले आणि 1844 मध्ये मानवधर्म सभा निघाली. मग जातिभेदावर चर्चा, विधवांच्या लग्नावर चर्चा, मंत्रतंत्र करणाऱ्यांना भर सभेत आव्हाने! दादोबांना दोष देता येणार नाही. सुरतेच्या बाजूला लोहमार्ग आला तोच मुळी 1860 मध्ये, आणि तोही तापीच्या पलीकडे उत्राणपर्यंत. संध्याकाळची गाडी असती, तर गुजरातच्या समाजसुधारणेचा एक अध्याय आपोआप टळला असता.

पहिल्या तासाला थोडा इतिहास सांगावा, त्याने वजन पडते. इंग्रजी आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्याला लागली, 1608 मध्ये विल्यम हॉकिन्स ‘हेक्टर’ जहाजातून सुरतेला आला, एवढे सांगून थांबावे. पुढचे सांगू नये. पुढचे असे, की आग्र्याला जहांगीरासमोर उभे राहिल्यावर हॉकिन्सची इंग्रजी काही कामाची ठरली नाही. त्याला तुर्की येत होती, म्हणून तो बादशहाशी दुभाष्यावाचून बोलू शकला आणि मनसब मिळवून बसला. हे कळले तर मागच्या बाकावरचा एखादा आदिवासी चौधरी किंवा वसावा मुलगा विचारेल, “साहेब, तुम्हाला आमची बोली येते का?”

मुलांना भाषेत कच्चे ठरवण्यासाठी कडोदरा-पलसाण्याचा पट्टा उत्तम. तिथे कापडाच्या गिरण्या आहेत आणि गिरण्यांभोवती खोल्यांच्या रांगा. त्यातल्या एका खोलीतला शिरपूरकडचा पोरगा आईशी अहिराणी बोलतो, शाळेत गुजरातीतून भूगोल लिहितो, शेजारच्या बिहारी पोरांशी हिंदीत भांडतो आणि गावाकडून आलेली मराठी लग्नपत्रिका बापाला वाचून दाखवतो. इंग्रजी ही त्याची पाचवी भाषा. मास्तरांनी त्याचा ‘इज’ आणि ‘आर’ चुकला की लाल शाईने गोल करावा आणि शेऱ्यात लिहावे, ‘भाषा कच्ची.’ आधीच्या चार भाषा त्याने गाईडशिवाय कशा आत्मसात केल्या, ही चौकशी करू नये. ती केली तर शिकवण्याची पद्धत बदलावी लागते, आणि पद्धत बदलली की पोर्शन मागे पडतो.

पोर्शनबद्दल बोलायचे तर दोष देण्याची उत्तम सोय सरकारनेच करून ठेवली आहे. महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी 2000 मध्ये आणली, गुजरातने 2022-23 मध्ये. म्हणजे गुजरातेत पहिलीपासून इंग्रजी ऐकलेली पहिली तुकडी दहावीला बसणार 2031-32 मध्ये. तोवर पाया कच्चा असल्याची तक्रार निर्धास्तपणे करता येईल. त्यानंतर दुसरे कारण लागेल. अनुभवी सहकाऱ्यांना विचारावे.

बारडोली, कडोद या भागात इंग्रजीचा आणखी एक अवतार भेटतो. इथली पाटीदार घरे इंग्लंड, अमेरिका, न्यूझीलंडपर्यंत पसरली आहेत. अमेरिकेतल्या गुजराती हॉटेलवाल्यांचे आद्यपुरुष मानले जाणारे कांजीभाई देसाई याच सुरत भागातले. 1940 च्या दशकात त्यांनी कॅलिफोर्नियात हॉटेल चालवायला घेतले. या घरांसाठी इंग्रजी म्हणजे व्हिसा. पण त्यांची मुले आता बहुधा शहरातल्या इंग्रजी माध्यमात असतात. गावच्या हायस्कूलात उरतात ती हळपतींची, चौधऱ्यांची, गामीतांची. त्यांना ‘हिल स्टेशनची सहल’ हा निबंध पाठ करायला द्यावा. कीटकनाशकाच्या डब्यावरची इंग्रजी वाचायला शिकवू नये, भले ते औषध त्यांच्याच घरचे कोणीतरी पटेलांच्या शेतात फवारत असो. तो प्रश्न परीक्षेला येत नाही.

आता हजेरी. हा विषय नाजूक आहे आणि इथे अपडाऊनवाल्या मास्तरांचे खरे कसब लागते.

दिवाळीच्या सुमारास बारडोली, मढी, चलथाण, सायण इथल्या साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. डांग, नंदुरबार, धुळे इथून ट्रक भरभरून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते. ती फिटेपर्यंत नवरा-बायकोचा कोयता त्याच्या हिशोबात बांधलेला. पाठोपाठ मुलेही येतात, लहान भावंडाला सांभाळायला किंवा थोरले असेल तर वाढे गोळा करायला. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन तोडणीत. वर्षाचे वेळापत्रक आखणाऱ्यांनी ऊस पाहिलाच नसावा, किंवा पाहिला असेल तर फक्त रसवंतीत.

अशा वेळी नवापूरकडच्या मास्तरांनी लिहावे, ‘विद्यार्थी स्थलांतरित.’ बारडोलीकडच्या मास्तरांनी म्हणावे, ‘ही मुले आमच्या पटावर नाहीत.’ दोन्ही वाक्ये खरी आहेत. दोन्ही शाळांचे रेकॉर्ड स्वच्छ राहते, आणि सहा महिने त्या मुलाला कोणतीच शाळा नसते. हंगामी वसतिगृहांची योजना दोन्ही राज्यांत आहे. पण त्यासाठी टोळी निघायच्या आधी घरोघरी जाऊन कोण जाणार, कोण मागे राहणार याची यादी करावी लागते. घरोघरी जायचे तर गाडी चुकते. म्हणून ते काम प्राथमिकच्या बाईंकडे द्यावे.

एवढे करूनही एखाद्या मास्तरांना हे मार्गदर्शन पचले नाही, तर त्यांच्यासाठी एक सूचना. एकवीस दिवसांची दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, की पहिल्याच आठवड्यात ऊसतोड टोळ्यांच्या पडावावर जावे. मुकादमाच्या वहीत कोयत्यांचा आकडा मिळेल, मुलांचा मिळणार नाही. ती आपणच मोजावी लागतील. त्यांच्या आईबापांशी बोलायचे असेल, तर ते अंधार पडल्यावर फडातून परततात, तेव्हा त्या रात्री गावात मुक्कामाची सोय आधीच पाहून ठेवावी.