साठी बुद्धी नाठी

लिनक्सवर गेम अडखळतोय? यवतमाळात याचं निदान मशीन उघडण्याआधीच झालेलं असतं. "ग्राफिक्स कार्ड गेलं न भाऊ." कार्ड नसेल तर रॅम, रॅम नसेल तर एसएसडी, आणि विकायला काहीच उरलं नाही की "विंडोज टाकून घ्या." गेमचा ऑडिओच बंद करून बघा, असं मात्र कोणी सांगत नाही. ऑडिओ बंद करण्याचं बिल फाडता येत नाही ना!

कधीकधी ऑडिओ बंद करताच गेम सुसाट सुटतो. काही गेम आवाजाच्या बफरमध्ये जागा होईस्तोवर पुढचं काम हाती धरतच नाहीत. गोळी सुटलेली, शत्रू हवेत, नायक एका पायावर. आणि सगळे 'धुडूम'साठी खोळंबलेले.

यावर जाणकारांचा तोडगा एकच: पल्सऑडिओ या लिनक्सच्या ध्वनियंत्रणेच्या लेटन्सीपुढे ६० लिहा. ६०च का? विचारायचं नसतं. ५०ने काय घोडं मारलं? ७०ला काय काटे होते? ६० म्हणजे ६० मिलिसेकंद, आवाज तेवढा उशिरा आला तरी चालेल अशी मोकळीक. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं धावत असतील तर एकेक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांचं, म्हणजे शत्रूला आपण मेल्याचं साडेतीन चित्रांनंतर ऐकू येतं. पल्सऑडिओ जाऊन पाइपवायर आला, तरी ६० जागच्या जागी. पाइपवायर मुळात सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या वेगाने १,०२४ नमुन्यांची खेप पाठवतो, खेपेमागे सुमारे २१ मिलिसेकंद. हा हिशेब कोणी मांडत नाही, ६०. साउंड कार्ड वीज वाचवायला डुलकी काढतंय, ६०. गेम ४४,१००च्या मापाचा आणि कार्ड ४८,०००चं, म्हणजे पूर्वी शकुंतला रेल्वेच्या नॅरोगेजवरून मुर्तिजापूरला उतरून ब्रॉडगेज गाठावी लागे, तशी आवाजाची उतरवाउतरव, तरी ६०च! अरे, टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप चालवा, 'ईआरआर'च्या रकान्यातला आकडा चढतोय का ते बघा. चढत असेल तर आवाजच वेळेत पोचत नाहीये, ग्राफिक्स कार्ड बिचारं बहुधा निर्दोष. फुकटची आज्ञा आहे ती, फुकटची! पण फुकट काही बघायचं म्हटलं की यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो, आणि वणीला कापूस विकून बापाने आणलेले पैसे पोराच्या कार्डात जातात. संताप येतो हो!

बरं, नवं कार्ड बसलं. त्याला स्वतःचं एचडीएमआय ऑडिओ असतं. सिस्टीमने आवाज मुकाट तिकडे वळवला. तिकडच्या मॉनिटरला स्पीकरच नाही. धुडूम गेलं, अडखळणंही गेलं.

"बघा," दुकानदार म्हणाला, "कार्डच होतं का नाही?" आणि आवाज येत नाही म्हटल्यावर त्याने वरच्या फळीवरचे नवे स्पीकर काढायला घेतले.