राखीव सूर

ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकांवर वाढलेल्या मराठी माणसाला पायाने भाता मारायचा, रंगमंचासमोर बसणारा ऑर्गन आठवतो. चर्चमधला पाइप ऑर्गन हा त्याचा अवाढव्य चुलत आजोबा. वादकाच्या दोन्ही बाजूंना स्टॉपच्या मुठींच्या रांगा असतात. एक मूठ ओढली की नळ्यांची अख्खी ओळ बोलू लागते, बहुधा सुरागणिक एक नळी. काही मुठी मात्र कितीही ओढा, ढिम्म! मुठीवर सुबक अक्षरांत नाव आहे, आत हवेच्या पेटीवर जागा सोडलेली आहे, नळ्या तेवढ्या नाहीत.

होतं असं, की ऑर्गन ठरवताना समितीच्या अंगात बारा हत्तींचं बळ असतं आणि पैसे मोजायच्या वेळी देणगीदार पांगलेले असतात. मग कारागीर म्हणतो, तयारी करून ठेवतो, नळ्या मागाहून बसवू. आपण गच्चीवर वरच्या मजल्यासाठी सळया सोडतो, तसंच हे. फरक एवढाच, की सळयांना दोरी बांधून कपडे तरी वाळत घालता येतात.

जुने जर्मन कारागीर याहून रोखठोक. दोन्हीकडच्या रांगा सारख्या दिसाव्यात म्हणून ते चक्क खोट्या मुठी बसवत आणि त्यांवर लॅटिनमध्ये ‘रिकामं’, ‘काही नाही’ असं लिहून मोकळे होत. क्वचित एखाद्या मुठीवर ‘मला शिवू नका’ अशी ताकीदही असे. आता हे वाचून कोणाचा हात गप्प बसणार? ओढणाऱ्याच्या अंगावर आतून कोल्ह्याचं शेपूट येई. मला तरी हा व्यवहार चोख वाटतो. ओढल्यावर काहीतरी हाती लागलं की नाही?

पण माझा सगळ्यात आवडता न वाजलेला सूर लिव्हरपूलचा. तिथल्या अँग्लिकन कॅथीड्रलची पायाभरणी 1904 मध्ये झाली आणि बांधकाम 1978 मध्ये संपलं. जाइल्स गिल्बर्ट स्कॉटचा आराखडा निवडला गेला तेव्हा तो अवघा 22 वर्षांचा होता. आराखड्यात मनोरे दोन होते, झाला एकच. म्हणजे अर्धवट राहण्याची परंपरा घरातलीच! विलिस कंपनीचा तिथला ऑर्गन 1926 मध्ये वाजू लागला. 10,268 नळ्यांचा हा ऑर्गन ब्रिटनमधला सर्वांत मोठा. त्याच्या योजनेत ‘एको’ नावाचा, म्हणजे प्रतिध्वनीचा, एक स्वतंत्र विभाग होता. त्यातल्या स्टॉपची नावंसुद्धा ठरली होती. तो विभाग कधी बसलाच नाही.

आणि अडलं कोणाचं? वादकाने पट्ट्यांवरून हात उचलल्यावरही त्या दगडी वास्तूत आवाज आठ-नऊ सेकंद घुमत राहतो. इतका प्रतिध्वनी फुकट मिळत असताना नळ्यांवर पैसे कोण घालणार? एरवी मी कलावंतांच्या बाजूचा, पण या खटल्यात माझं मत खजिनदाराला.