जिवाणूंचा मेंटेनन्स

आमची परळची चाळ पाडून टॉवर झाला, तेव्हा बिल्डरने जिमच्याही आधी तळघरातला एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, दाखवला. मोरीचं, न्हाणीचं, संडासाचं पाणी इथे शुद्ध होऊन फ्लशला आणि बागेला परत येणार म्हणाला. मजल्यामागे एक संडास वाटून घेतलेली माणसं आम्ही. स्वतःचा संडास मिळणार आणि त्याचं पाणीसुद्धा परत मिळणार, म्हणून टाळ्या वाजवल्या.

या यंत्राचा जीव ब्लोअरमध्ये. घाण खातात जिवाणू, आणि त्यांना श्वास घ्यायला चोवीस तास हवा लागते. पहिलं वीजबिल आलं नि कमिटीने ब्लोअर रात्री बंद ठेवायचा ठराव केला. पुढच्या बिलाला दुपारीही. जिवाणू गुदमरून गेले. वास लिफ्टमध्ये चढला, तसा कमिटीने अगरबत्तीचा खर्च एकमताने मंजूर केला. गणपतीत सगळा टॉवर कोकणात गेला की उरलेसुरले जिवाणू उपाशी मरतात, ते वेगळंच. तपासणीच्या आदल्या दिवशी मात्र ब्लोअर घुमू लागतो, आणि बागेसाठी टँकर येतो.

टॉवरचं सांडपाणी शेवटी चाळीच्याच वाटेने वरळीला जातं. तिथल्या उदंचन केंद्राचं नाव लव्ह ग्रोव्ह, म्हणजे प्रेमाची राई! तिथून बोगद्यातून थेट 3.4 किलोमीटर समुद्रात. शहापूरच्या भातसा धरणातून आणलेल्या पाण्याने एकदा अंघोळ केली, की संपला त्याचा जन्म.

सभेत मी उठून म्हटलं, पवईला आयआयटीत प्रा. एच. एस. शंकर यांनी माती, जिवाणू, गांडुळं आणि झाडं यांच्यावर चालणारी पद्धत काढली आहे, तिला ब्लोअर लागत नाही. महापालिकेने लव्ह ग्रोव्हलाच दिवसाला 30 लाख लिटरचा तसा प्रकल्प उभारला होता. सेक्रेटरींनी चष्मा काढला. "गांडुळं? अहो, फ्लॅटचा भाव पडेल!"

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या मालवणच्या काकू म्हणाल्या, "आमच्या परड्यात न्हाणीचं पाणी अळवाला आणि कर्दळीला जायचं. वास कधी आला नाही, आणि अळूवड्या फुकट."

"कर्दळ लावायची कुठे? तिथे पार्किंग आहे."

विषय तहकूब झाला. काकूंनी मात्र या खेपेला गावाहून कर्दळीचे कंद पिशवीभर आणलेत. ज्यांच्या सोसायटीत पार्किंग सोडून वावभर माती उरली असेल, त्यांनी येऊन घेऊन जावेत.