शंभराच्या वरचा आवाज

वालचंदनगरच्या कारखान्यात घडलेले रॉकेटचे भाग 2023 साली चांद्रयान 3 ला घेऊन गुमान वर गेले. त्याच गावात लिनक्सवर साधा अभंग लावला, की स्पीकर खरखरतो.

मग जाणकार जमतात. लिनक्समधल्या आवाजाच्या थरांची उजळणी होते: तळाला अल्सा, त्यावर पल्सऑडिओ, हल्ली त्याच्या जागी पाइपवायर. दोष नेहमी खालच्याचा. एक म्हणतो कर्नेल बदला, दुसरा म्हणतो बफर वाढवा, तिसरा सॅम्पल रेट 44,100 चा 48,000 करायला बसतो. आवाजाची पट्टी कुठवर ओढलीय, हे मात्र कुणी बघत नाही. ती असते दीडशे टक्क्यांवर! लिनक्स शंभराच्या पुढे जाऊ देतं, आणि मुभा मिळाली की आपल्या इंदापूर-बारामती पट्ट्यात ती वापरली जातेच. लग्नातल्या डीजेला विचारा. शंभरापुढे ध्वनिलहरींचे शेंडे छाटले जातात, तोडणीत उसाचे वाढे छाटतात तसे. वाढे निदान जनावरं तरी खातात.

पट्टी शंभरावर आणा, टर्मिनलात ‘अल्सामिक्सर’ उघडून तिथलाही चढलेला खांब थोडा उतरवा, बहुतेकदा काम होतं. पण फुकटचा उपाय पटतो कुणाला? नव्या साउंड कार्डासाठी बारामतीला गाडी निघालेली असते.