काटेसाहेब

काटेसाहेबांचं खरं आडनाव वेगळं आहे. ते टपालाच्या पेटीवर आणि मेंटेनन्सच्या पावतीवर असतं. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत मात्र लहानथोर सगळे त्यांना काटेसाहेबच म्हणतात. कारण त्यांच्या खिशातला पत्त्याच्या कॅटाएवढा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा. सोसायटीच्या गणपतीत यांनी द्रोणातला उकडीचा मोदक आधी काट्यावर ठेवला आणि "यात सारण किती, उकड किती?" असं विचारलं, तेव्हा वाढणाऱ्या काकू म्हणाल्या, "बाप्पाला विचारा. पहिला त्यानं खाल्लाय." अशी माणसं पूर्वी फक्त सराफाच्या पेढीवर आणि ऑडिटला भेटायची. हल्ली मजल्याला एक निघतो.

वय ४४, उंची १७० सेंटिमीटर, वजन ८२ किलो. ही माहिती मी चोरलेली नाही, ते लिफ्टमध्ये आपणहून सांगतात. विमा कंपनीच्या हिशेब खात्यात आहेत. 'वजन कमी करणं' हा शब्दप्रयोग त्यांना गावंढळ वाटतो. वजन काय, जुलाबानंही कमी होतं. त्यांना कमी करायचीय चरबी, आणि तीही स्नायूंचा एक धागा न गमावता. त्यासाठी रोज सकाळी शिंप्याची टेप घेऊन ते आधी पोट मोजतात, मग दंड. पोट तेवढंच भरलं तरी चालतं. दंड दोन मिलिमीटर कमी भरला की त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

खरी लढाई स्वयंपाकघरात.

"अगं, तांदूळ किती घातलेस?"

"दीड वाटी."

"कोणती वाटी?"

"घरातली!"

प्रश्न अगदीच वेडगळ नाही. कोरडे तांदूळ १०० ग्रॅम म्हणजे साधारण ३५० कॅलरी. शिजल्यावर भात पाणी पिऊन फुगतो आणि १०० ग्रॅम भातात १३०च्या आसपास उरतात. एकदा रात्री यांनी ताटातला २०० ग्रॅम भात 'कोरडा तांदूळ' म्हणून नोंदवला. मोबाइलनं ७०० दाखवले. साहेब तसेच हात धुऊन सोफ्यावर आडवे. वहिनींना वाटलं, छातीत दुखतंय.

फोडणीच्या वेळी तर ते कढईशी पहारा देतात. मोठा चमचाभर तेल म्हणजे सव्वाशे कॅलरी, आणि वहिनींचा हात आखडता नाही. पण सगळा हिशेब उभा आहे कशावर? प्रथिनांच्या ग्रॅमला ४ कॅलरी, कर्बोदकांच्या ४, स्निग्धाच्या ९. अॅटवॉटर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवलेले हे सरासरी आकडे. सरासरीला ग्रॅमच्या दशांशानं गुणत बसायचं, याला माझ्या मते हिशेब खात्यातच उमेदवारी करावी लागते.

प्रथिनांचं प्रकरण त्याहून बिकट. स्नायू टिकवायचे तर किलोमागे किमान १.६ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे यांना दिवसाला १३१. घर सोमवार, गुरुवार, शनिवार आणि संकष्टी पाळणारं. वाटीभर वरणात पाच-सहा ग्रॅम धरली, तर साहेबांना रोज बावीस ते सव्वीस वाट्या वरण प्यावं लागेल. मग सोयाबीनच्या वड्या आल्या. पन्नास ग्रॅम कोरड्या वड्यांत २६ ग्रॅम प्रथिनं! त्या आठवड्यात भाजीत वड्या, पोह्यात वड्या आणि धाकट्याच्या डब्यातसुद्धा वड्या. धाकट्यानं डबा शाळेत अदलाबदलीला काढला, पण गिऱ्हाईक मिळालं नाही. एकादशीला मात्र साहेब खुशीत. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य, हे त्यांना पाठ आहे, म्हणून ते खिचडीत दाण्याचं कूट दुप्पट घालायला लावतात. दाण्यात शंभराला पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात ही गोष्ट खरी. त्यातल्या पाऊण हिस्सा कॅलरी निव्वळ तेलाच्या असतात हीही खरी, पण ती त्या दिवशी कुणी काढायची नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी!

उपासमारीची त्यांना धास्ती आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात अमेरिकेत मिनेसोटाला अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ती पोरं ताटं चाटायला लागली, पाककृतींची पुस्तकं तासन् तास वाचायला लागली. काटेसाहेब हे डोळे विस्फारून सांगतात, "म्हणून तूट थोडीच ठेवायची, तीनशे ते पाचशे. जास्त ओढलं की शरीर स्नायूला हात घालतं." सांगून झालं की घरी जाऊन रात्री अकराला मोबाइलवर कोल्हापुरी मिसळीचे व्हिडिओ बघतात.

रविवारी ती मिसळ प्रत्यक्षात घडली, पापडासकट. सोमवारी सकाळी चष्मा काढून काट्यावर उभे राहिले तरी वजन १.२ किलोनं जास्त. आता किलोभर चरबी चढायला साधारण ७,७०० कॅलरी जादा पोटात जाव्या लागतात. त्या हिशेबानं यांनी एका बैठकीत नऊ हजारांवर खाल्ल्या असणार. मिठानं धरून ठेवलेलं पाणी होतं ते. दोन दिवसांत उतरलं, पण ते दोन दिवस साहेबांनी वहिनींकडे घरातल्या रश्श्याचा जाब मागितला.

एवढं करून वजन मात्र गेले कित्येक महिने तिथंच. कधी थायरॉइडवर संशय, कधी काट्याच्या सेलवर, कधी बाथरूमबाहेरच्या खालीवर फरशीवर. शेवटी आहारशास्त्र शिकणारी भाची सुट्टीला आली आणि तिनं मामांचा तक्ता उघडला.

"मामा, हे १.५५ काय?"

गंमत अशी की शरीर नुसतं पडून किती जाळतं ते सूत्रानं काढता येतं. यांचं आलं १,६६७. त्याला हालचालीच्या आकड्यानं गुणायचं. बैठ्या माणसाला १.२, थोडाफार व्यायाम असेल तर १.३७५, बऱ्यापैकी असेल तर १.५५. हरभरे मोजून खाणाऱ्या या माणसानं स्वतःला बेलाशक १.५५ बहाल केले होते. खर्च निघाला २,५८५, त्यातून पाचशेची तूट वजा, म्हणजे २,०८५ खायला मोकळे. आणि १.२नं गुणलं तर खर्चच येतो २,००१.

"अगं, मी दिवसभर धावपळीत असतो."

"कुठं?"

"ऑफिसात."

"तुमचं ऑफिस या पलंगावर चालतं मामा, आठवड्यातले तीन दिवस."

धाकट्याच्या ताटातलं उरलेलं रोज कोण संपवतं, हेही मग निघालं. अन्न टाकवत नाही म्हणून ते संपवत, पण नोंद नव्हती. ते मुलाच्या खात्यात. भाची म्हणाली, सूत्र फक्त सुरुवातीला. नंतर दोन-तीन आठवडे खरं खाल्लेलं लिहा, रोजच्या वजनाची सरासरी काढा. सरासरी हलली नाही तर तुम्ही खाताय तोच तुमचा खर्च. त्यातून तीन-चारशे कमी करा. आणि वजन उचला, स्नायूला काम दिलं नाही तर तो नुसत्या सोयाबीनवर राहत नाही. साहेबांनी घासाघीस केली. १.३७५वर तोडगा निघाला, अठराशे ठरले आणि सोसायटीच्या जिममध्ये गंजलेले डंबेल हलले. दोन महिन्यांत सरासरी अडीच किलोनं खाली आली, दंड जागच्या जागी. ही बातमी मला जिन्यात, दूधवाल्याच्या देखत मिळाली.

मग वसुबारस आली. अनारसा एक की दोन, बेसनाचा लाडू तुपासकट किती, चकलीनं तेल किती प्यायलं, हे ठरवायला साहेब कागद-पेन्सिल घेऊन ओट्याशी बसले. काटा सापडेना. वहिनींनी तो भाजणी मोजायला घेतला होता, आणि आता कपाटात घालून किल्ली कमरेला लावली होती.

"भाऊबीजेनंतर मिळेल," त्या झाऱ्यानं चकल्या काढत म्हणाल्या. "तोवर मोजून खा, तोलून नको. आणि धाकट्याच्या ताटाला हात लावलात तर भाचीला फोन करीन."