घोडा तिसऱ्या मजल्यावर

आमच्या भाचीला तेरावं लागलं आणि तिच्या घरात घोडा शिरला. घर कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट चार माणसांची. तेव्हा तो पुस्तकांतूनच आला हे उघड आहे.

या जातीची वाचक ओळखायला सोपी. ती जिना उतरत नाही, दौडत उतरते आणि वळणावर स्वतःचाच लगाम खेचते. सायकलचं नाव ‘वादळ’. धाकट्या भावाला गाजर देते तेही तळहात सपाट धरून, बोटं चावली जाऊ नयेत म्हणून.

गोष्टी म्हणाल तर एकच. कुणालाही अंगाला हात न लावू देणारा घोडा हिला लावू देतो. मग तो विकायचं घाटतं, रात्री वादळ होतं, शेवटी शर्यत. आईबाप पहिल्या प्रकरणात गावाला जातात ते थेट बक्षीस समारंभाला उगवतात. वॉल्टर फार्लीने १९४१ साली ‘द ब्लॅक स्टॅलियन’मध्ये तर अख्खं जहाजच बुडवलं आणि पोरगा नि घोडा निर्मनुष्य बेटावर सोडले. गृहपाठ टाळायचा याहून खात्रीचा मार्ग मला तरी माहीत नाही.

ज्ञान सगळं इंग्रजीतून. आमचे वडील एकदा म्हणाले, “गर्थ म्हणजे आपला तंग गं.” ही म्हणाली, “पण आजोबा, फार तंग असून नाही चालत. दोन बोटं जायला हवीत.”

मे महिन्यात तिला माथेरानला नेलं. दस्तुरी नाक्यापुढे मोटार जात नाही, पुढे घोडा. दोन घोडे ठरवले. हिने आधी प्रदक्षिणा घातली, नाल पाहिले, पट्ट्याखाली दोन बोटं घातली, वय विचारलं. घोडेवाला गोंधळला. “ताई, गिऱ्हाईक का सरकारी?”

मी बसलो. ही बसेना. आदल्या रात्रीच ‘ब्लॅक ब्यूटी’ संपवलं होतं. अ‍ॅना सूएलबाईंनी १८७७ साली घोड्याच्याच तोंडून सांगितलेली ही गोष्ट मुळात पोरांसाठी नव्हतीच, घोडे बाळगणाऱ्यांना शहाणं करायला होती. गाडीचे घोडे रुबाबदार दिसावेत म्हणून त्यांच्या माना लगामाने वर ताणून बांधायची तेव्हा फॅशन होती. त्या माना आता आमच्या वाटेवर आडव्या आल्या.

“मामा, तुझं वजन किती?”

“ब्याऐंशी.”

लाल मातीचा चढ सुरू झाला होता. शेजारून चालत ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. शंभर पावलांनंतर मी उतरलो.

बाजारपेठेत मिरवणूक शिरली ती अशी: पुढे दोन मोकळे घोडे, मध्ये घोडेवाला, मागे धापा टाकणारा मी. भाची घोड्याच्या कानात काहीतरी सांगत होती, बहुधा माझ्याबद्दलच.

घोडेवाल्याने पैसे दोन्ही घोड्यांचे घेतले.